रिकाम्या गाडीतले सदतीस

इंदापूरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत रावजी रुपनवरांचं घर शोधायला कुणाला पाटी वाचावी लागायची नाही. लग्नं जमवणारे कंडक्टर कुठं राहतात एवढं विचारलं, की कोपऱ्यावरचा पानवाला पानाला चुना लावता लावता मानेनंच दाखवायचा. रावजींनी एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, त्यातली बरीचशी बारामती-इंदापूर रस्त्यावर आणि निरवांगीच्या मुक्कामाच्या गाडीवर. निरवांगी त्यांचं मूळ गाव. आजोबांची दोनशे मेंढरं होती, वडलांची चाळीस उरली, आणि रावजींच्या हातात आला तो तिकिटांचा ट्रे. मोजायची सवय मात्र गेली नाही. गाडी स्टँडातून हलली की मागच्या सीटपासून पुढंपर्यंत एक नजर टाकायचे आणि किती डोकी चढली ते अचूक सांगायचे.

लग्नं जमवायचा नाद गाडीतच लागला. रोजची ये-जा करणारी माणसं. तिकीट घेता घेता कुणी म्हणायचं, तात्या, तुमी धा गावं फिरता, थोरलीसाठी एखादं स्थळ असलं तर सांगा. रावजी ते फाटक्या कागदावर टिपून खिशात ठेवायचे. घरी आल्यावर प्रयागबाई सदरा धुवायला घ्यायच्या आणि खिशातून कुणाच्या तरी मुलीची जन्मवेळ निघायची. शेवटी त्यांनीच एक दोनशे पानी वही आणून दिली.

या कामाचा एक पैसा रावजींनी कधी घेतला नाही, आणि त्यामागं कारण होतं. धाकटी बहीण मुक्ता सतरा वर्षांची असताना तिचं स्थळ रावजींनीच आणलं होतं. गाडीत भेटलेल्या एका गोडबोल्या माणसानं मुलाचं इतकं कौतुक केलं, की यांनी घर बघितलं आणि माणसं बघायची राहूनच गेली. लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं, की नवऱ्याची पहिली बायको दुसऱ्या गावात नांदती आहे. मुक्ता परत आली ती कायमचीच. रडत बसली नाही. शिवणकाम शिकली, बारामतीला दोन खोल्या घेऊन राहिली, गिऱ्हाइकं जोडली. भावाला तिनं कधी बोल लावला नाही, पण रावजींनी स्वतःला लावला. तेव्हापासून त्यांचा नेम होता: दोन्ही घरी स्वतः जायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं, मुलाचा पगार सांगितला तर कागद बघायचा, आणि मगच वहीत लिहायचं. मुलींचे पत्ते तर ते वाटेल त्याला दाखवायचेही नाहीत.

शहाण्णव साली रावजी रिटायर झाले. पुढच्या वर्षी पुतण्या रविराज पुण्याहून एक जुना कॉम्प्युटर घेऊन आला. त्याच्या कंपनीनं नवे घेतले होते, जुने कामगारांना स्वस्तात दिले होते. वह्या तोवर सात झाल्या होत्या. बारावी झालेली, पाच फूट दोन इंच, इंदापूरच्या आसपासची मुलगी शोधायची म्हणजे सातही उलगडून बसावं लागे. रविराजनं मराठी अक्षरांचा प्रोग्राम घालून दिला आणि दोन रविवार बसून शिकवलं. रावजी उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायचे. वर्षभर ते बोट चाललं आणि सातही वह्या पडद्यावर आल्या. गावाचं नाव टाकलं की त्या गावची सगळी स्थळं खाली रांगेनं उभी राहायची. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा रावजींनी प्रयागबाईंना चुलीपुढून उठवून आणलं होतं. प्रयागबाईंनी मशीनला भरतकामाचं झाकण शिवलं आणि दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं.

नव्याण्णवच्या एप्रिलात पेपरात बातमी आली, की एका व्हायरसनं ठरलेल्या तारखेला जगभरातले कॉम्प्युटर बंद पाडले. बातमी खरीच होती. रावजींनी रविराजला फोन केला, तो म्हणाला आपलं मशीन चालू आहे ना, मग झालं. पण मनात किडा शिरलाच. सहाशे चाळीस घरांची माहिती त्या डब्यात होती, आणि वह्या साठवून काय करायच्या म्हणून प्रयागबाईंनी त्यातल्या चार बंबात घातल्या होत्या.

मे महिन्यात दारात एक टाय बांधलेला माणूस उभा राहिला. हातात काळी ब्रीफकेस, बोलणं अदबीचं. सोनटक्के नाव सांगितलं, पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीचं कार्ड दिलं. म्हणाला, ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे अशा लोकांची आम्ही मोफत तपासणी करतो. सणसरला विजयसिंह निंबाळकरांकडे जाऊन आलो, निमगाव केतकीला डॉक्टरांकडे झालं, इथंही दोन घरं केली. ओळखीची नावं ऐकून रावजींनी खुर्ची पुढं केली. प्रयागबाईंनी चहा ठेवता ठेवता विचारलं, की तुमाला आमच्याकडं मशीन हाय हे कुणी सांगितलं. तो नुसता हसला. रावजींना बायकोचा प्रश्न जरा आगाऊ वाटला.

सोनटक्केनं फ्लॉपी घातली. पडदा काळा झाला, त्यावर फायलींची नावं भराभरा पळायला लागली आणि मशीन मधूनच पीं करून ओरडायला लागलं. मग एक लाल पट्टा आला. सदतीस व्हायरस सापडले, असं त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, खाली त्यांची नावं. सोनटक्केनं कपाळाला हात लावला. काका, म्हणाला, आणखी आठ दिवस गेले असते तर काही उरलं नसतं.

रावजींनी खर्च किती येईल तेवढंच विचारलं. पुढचं सगळं चटकन झालं. उपचाराची वेगळी फ्लॉपी निघाली, वर्षाचा करार निघाला, आणि प्रयागबाईंनी धान्याच्या डब्यातून काढलेले पंधराशे रुपये ब्रीफकेसमध्ये गेले. पट्टा हिरवा झाला. रावजींनी त्या माणसाला स्टँडपर्यंत पोचवलं आणि बारामतीच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळवून दिली.

जुलैच्या सुरुवातीला मशीन चालू केलं तर आधीच लाल पट्टा. तेच सदतीस. खाली लिहिलेलं, की संरक्षणाची मुदत संपली; करार तर वर्षाचा होता. पट्टा दहा-दहा मिनिटं हलायचा नाही. कार्डावरचा फोन चार दिवस कुणी उचलला नाही, पाचव्या दिवशी सोनटक्केच दारात हजर. त्यानं मशीन बघितलं, मग म्हणाला की आता फ्लॉपीनं भागायचं नाही. आतली हार्ड डिस्क काढून पुण्याला न्यावी लागेल. गुरुवारी पेटी घेऊन येतो, खर्चाचं तेव्हाच बोलू.

तो गेल्यावर रावजी मशीनवर झाकण घालून बाहेरच्या ओट्यावर येऊन बसले. पैशाचं दुःख होतंच, पण त्याहून वेगळी एक काळजी मनात घोळत होती. त्या डिस्कमध्ये सहाशे चाळीस घरं होती. मुलींची नावं, वयं, पत्ते, कुणाच्या घरी भाऊ नाही, कुणाचे वडील थकलेत, सगळं विश्वासानं सांगितलेलं. ते सगळं पेटीत घालून एका टायवाल्याच्या हाती द्यायचं. आणि नाही दिलं तर मशीन बसणार. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. रविराज कंपनीच्या कामानं मद्रासला गेला होता, पंधरा दिवसांनी यायचा होता.

रविवारी सकाळी निरवांगीहून भिमा शेंडगे आला. रावजींच्या भावकीतला नव्हे, पण एकाच वस्तीतला. त्याच्या वडलांनी आणि रावजींच्या वडलांनी कोकणच्या बाजूला एकत्र मेंढरं चारली होती. आता भिमाकडं तीन एकर रान होतं आणि तीन मुली. थोरली दिपाली बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. भिमानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. पोरीचं नाव ल्हा तात्या, म्हणाला, औंदा उरकून टाकायचं. दिपाली दाराशी बसली होती, खाली बघत.

रावजींनी सांगितलं, की आज काही लिहिता यायचं नाही, मशीन आजारी आहे. आणि मग, कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं म्हणून, सगळं सांगितलं. भिमाला त्यातलं फारसं कळलं नाही. दिपालीनं मात्र मान वर केली. तिनं विचारलं, की मी बघू का.

मशीन चालू झालं, लाल पट्टा आला. दिपाली जवळ खुर्ची ओढून बसली आणि काहीही न दाबता नुसती बघत राहिली. तो प्रोग्राम मधूनमधून विचारायचा, की आणखी कोणता ड्राइव्ह तपासू. तिनं कपाटातून नव्या फ्लॉप्यांचं खोकं मागितलं, सील तोडलं, एक कोरी फ्लॉपी आत घातली आणि ती तपासायला सांगितलं. नावं पळाली, मशीन ओरडलं. सदतीस व्हायरस सापडले.

रावजी हताश झाले. म्हणाले, बघ, नव्यातबी शिरलं.

दिपालीनं फ्लॉपी बाहेर काढून टेबलावर ठेवली. मग तोच ड्राइव्ह पुन्हा तपासायला सांगितला. आत काहीच नव्हतं. नावं पळाली, मशीन ओरडलं, लाल पट्टा आला. सदतीस.

“तात्या,” ती म्हणाली, “फ्लॉपी वाचताना ह्यो डबा घरघर करतो आन् हितला हिरवा दिवा लागतो. आत्ता दिवा लागला का?”

दिवा लागला नव्हता. रावजी त्या रिकाम्या खाचेकडं बघत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला.

“म्हंजी गाडी रिकामी,” ते म्हणाले. “गाडीत माणूस न्हाय, आन् ह्यो म्हनतोय सदतीस जन बिनतिकिटाचे बसल्यात.”

“व्हय. ह्यो तपासतच न्हाय. नुसता वरडतो.”

दाराला टेकून उभ्या असलेल्या प्रयागबाई खाली बसल्या. रावजींना आधी लाज वाटली. एकतीस वर्षांत त्यांनी पुढच्या स्टॉपचं तिकीट काढून तीन स्टॉप जाणारे पकडले होते, अर्ध्या तिकिटावर बसलेल्या मिसरूड फुटलेल्या पोरांना पूर्ण तिकीट लावलं होतं. आणि आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीवर बसून एक माणूस मोजल्याचं सोंग करून गेला, आणि यांनी त्याला खिडकीची जागा मिळवून दिली. पण लाजेच्या पाठोपाठ जे आलं ते हलकं होतं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पोटभर श्वास घेतला.

दिपालीनं मग सांगितलं, की व्हायरस नसतातच असं नाही. असतात, आणि वाईटही असतात. म्हणून आत्ता घाई करायची नाही. बुधवारी ती कॉलेजच्या सरांची परवानगी घेऊन तिथली खऱ्या तपासणीची फ्लॉपी आणणार होती. बुधवारी ती आली. त्या फ्लॉपीची कोपऱ्यातली खिट्टी सरकवून ठेवली होती, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जायचं नाही. मशीन तिनं त्या फ्लॉपीवरूनच चालू केलं. डबा चांगला पाऊण तास घरघरत होता. एक व्हायरस खरोखर निघाला. रविराजनं पत्त्यांच्या खेळाची फ्लॉपी आणली होती तिच्यातून आलेला, जुना आणि तसा निरुपद्रवी. कुठल्या फायलीत आहे तेही पडद्यावर आलं. तिनं तो काढला. मग मशीन चालू होताना जी फाईल आधी वाचली जाते, तिच्यात सोनटक्केनं घुसवलेली एक ओळ शोधून पुसली. मशीन पुन्हा चालू केलं तेव्हा पट्टा आला नाही, सरळ नेहमीचा पडदा उघडला. शेवटी तिनं सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस घरांच्या दोन-दोन प्रती फ्लॉप्यांवर उतरवल्या. एक संच कपाटात ठेवायला सांगितला, दुसरा दुसऱ्या घरी.

जाताना रावजींनी तिला काय द्यावं म्हणून विचार केला आणि काही सुचेना. त्यांनी हात जोडले. दिपाली इतकी अवघडली, की चप्पल उलटी घालून निघाली.

गुरुवारी दुपारी सोनटक्के आला. रावजींनी त्याला नेहमीसारखं बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, डिस्क नेण्याआधी तुमचा प्रोग्राम एकदा चालवून दाखवा, आणि एक कोरी फ्लॉपी पुढं केली. तिच्यात सदतीस निघाले. सोनटक्के म्हणाला, की हल्ली फ्लॉप्या कारखान्यातूनच खराब येतात. बरं, रावजी म्हणाले, आता ती काढा आणि परत तपासा.

सोनटक्केचा हात तसाच राहिला. तो रावजींकडं बघत होता आणि रावजी त्याच्याकडं. आवाज न चढवता ते म्हणाले, “साहेब, मी कंडक्टर व्हतो. रिकाम्या गाडीत बिनतिकिटाचे सदतीस मला कधी गावले न्हाईत.”

त्यानं ब्रीफकेस मिटली आणि चप्पल अर्धवट पायात सरकवून निघून गेला. पैसे मागायचं त्या क्षणी कुणालाच सुचलं नाही, पुढंही ते मिळाले नाहीत. रविराजनं परत आल्यावर कार्डावरच्या पत्त्यावर जाऊन बघितलं तर तिथं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानदारानं सोनटक्के हे नावच ऐकलेलं नव्हतं. रावजींनी पोलिसांत अर्ज दिला, त्यात त्या माणसाचं वर्णन इतकं बारीक लिहिलं होतं, की हवालदार म्हणाले, फोटो कशाला पाहिजे.

पण रावजींना एवढ्यावर स्वस्थ बसवेना. पहिल्या दिवशी त्या माणसानं जी नावं फुशारकीनं घेतली होती, ती त्यांच्या डोक्यात पक्की होती. भुलवायला घेतलेली ती नावं आता पत्त्यांसारखी उपयोगी पडली. त्यांनी भिमाला विचारून दिपालीला बरोबर घेतलं आणि दोन रविवार एसटीनं फिरले. सणसरला विजयसिंहांच्या घरी मुलगी उत्कर्षा बारावीला होती, तिच्यासाठी कॉम्प्युटर आणलेला. तिथंही तोच लाल पट्टा, तेच सदतीस, तीच नावं. विजयसिंह ऊस पिकवणारे, कारखान्याचे सभासद, चार माणसांत वजन असलेले. आपण फसलो हे आधी मान्य करायला तयार नव्हते. म्हणाले, आमच्यात खरंच व्हायरस असतील की. रावजींनी वाद घातला नाही. त्यांनी रिकामा ड्राइव्ह तपासायला लावला आणि दिव्याकडं बोट दाखवलं. विजयसिंहांनी वाकून दिवा बघितला, मग हसू आवरेना त्यांना. उत्कर्षानं दिपालीकडून सगळं वहीत उतरवून घेतलं.

निमगाव केतकीच्या डॉक्टरांनी तर दुसऱ्या वर्षाचे पैसेही आगाऊ दिले होते. त्यांच्याकडं बाजारचा दिवस असल्यानं ओसरीवर पेशंट बसले होते, त्या सगळ्यांसमोर रावजींनी आपण कसे फसलो ते सांगितलं. लपवलं काही नाही. लोकांना त्यांचं एकच सांगणं असायचं, की न बोलावता येऊन घाबरवतो त्याला आधी पाणी द्यावं आणि पैसे दुसऱ्या दिवशी. मधल्या रात्रीत एखाद्या जाणत्याला विचारावं. आणि तपासणारा खरा तपासतो का, हे त्याला रिकामं काहीतरी तपासायला देऊन बघावं. एका घरातून दुसऱ्याचं नाव कळत सहा घरं झाली. सहाही घरांत दिपालीनं ती ओळ पुसली, खरी तपासणी केली. एका घरात खरोखरीचा वाईट व्हायरस निघाला, तोही काढला. घरोघरी तिला लोक ताई म्हणायला लागले, तिच्याहून मोठे सुद्धा.

दुसऱ्या रविवारी परतीच्या गाडीत दिपाली खिडकीशी बसली होती. रावजींनी सहज विचारलं, की तिसऱ्या वर्षाला काय शिकवतात. ती सांगत होती आणि मध्येच थांबली. मग म्हणाली, “माजं नाव न्हाय घातलं अजून. वडील म्हनत्यात लगीन ठरलं की बघू.” तक्रार म्हणून नाही, गाडी अमुक वाजता सुटते असं सांगावं तसं म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी रावजी निरवांगीला गेले. भिमा रानात मोटर चालू करून बांधावर बसला होता. रावजी त्याच्या शेजारी बसले. त्यांनी खिशातून तोच घडी घातलेला कागद काढला, मुलीच्या माहितीचा, आणि भिमाच्या हातात परत दिला.

“भिमा, ह्ये मी ल्हिनार न्हाय. दोन वर्सं न्हाय.”

भिमाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, आपल्या घरात काही खोट निघाली. रावजींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“खोट न्हाय रे. सहाशे चाळीस घरांचे पत्ते मी त्या मानसाच्या पेटीत घालून देनार व्हतो. तुज्या पोरीनं माजा हात धरला. आता तिला मधल्या स्टॉपावर उतरवायचं पाप माज्या हातून करून घेऊ नको.”

भिमानं कागद खिशात घातला. मग त्यानं खरी अडचण सांगितली. पोरगी हुशार आहे हे त्याला कळत होतं. पण निरवांगीहून बारामती म्हणजे दोन गाड्या बदलायच्या, परत यायला दिवस मावळतो, आणि वस्तीवर लोक बोलतात. हॉस्टेलला नाव लावलं होतं, लागलं नाही. हिच्या पाठीवर अजून दोघी आहेत.

रावजी तिथून उठले ते थेट बारामतीला बहिणीकडं गेले. मुक्ताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कैची खाली ठेवून त्या म्हणाल्या, “आन तिला. पुढली खोली मोकळीच असती.” मग कैची परत उचलत म्हणाल्या, “आन् तिच्या बापाला म्हनावं, आधी सोता येऊन बघ. कुनाच्या सांगन्यावर पोर धाडू नको.” रावजींनी मान खाली घातली. तीस वर्षांत बहीण त्या गोष्टीबद्दल एवढंच बोलली होती, आणि तेही कुणाच्या तरी भल्यासाठी.

भिमा आला, बघून गेला. खोली, नळ, दाराची कडी, शेजारचं घर, सगळं बघितलं. मुक्ताबाईंच्या हातचं पिठलं-भाकरी खाल्ली. आठव्या दिवशी दिपाली एका पत्र्याच्या पेटीसकट तिथं राहायला आली. रावजींच्या फ्लॉप्यांचा दुसरा संच तिच्या पेटीतून मुक्ताबाईंच्या घरी गेला, म्हणजे दुसऱ्या घरी ठेवायचं तेही झालं.

तुळशीचं लग्न झालं आणि मांडव पडायला लागले. त्या मोसमात रावजींच्या यादीतून जमलेलं पहिलं लग्न निमगाव केतकीला होतं. मुलगी शेळगावची, मुलगा निमगावचाच, दोघांची माहिती कॉम्प्युटरमध्ये शेजारीशेजारी सापडली होती. अक्षता पडल्या, पंगती उठायच्या आधी मानपानाला सुरुवात झाली. माइकवरचा माणूस एकेकाचं नाव पुकारत होता आणि फेटे बांधले जात होते. लग्न जमवणारे म्हणून रावजींचं नाव येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. रावजी उठून माइकजवळ गेले आणि त्या माणसाच्या कानात काहीतरी बोलले. त्यानं पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग पुकारलं, “निरवांगीचे भिमा सोपान शेंडगे.”

भिमा मांडवाच्या अगदी मागं, पाण्याच्या टाकीजवळ बसला होता. त्यानं आधी मागं वळून बघितलं, तिथं दुसरं कुणी नव्हतं. दोघांनी धरून त्याला पुढं आणलं. रावजींनी माइक हातात घेतला नाही, मोठ्यानंच सांगितलं, की माझ्या मशीनमधली ही स्थळं ज्या पोरीनं वाचवली, तिला शिकवणारा हा बाप आहे, माझा मान त्याला बांधा. भिमाच्या डोक्यावर आयुष्यात पहिल्यांदा फेटा चढला. केशरी होता. बांधणारा तुरा नीट करत होता तेव्हा भिमा खाली बघत होता, आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर घट्ट मिटलेले होते.

जेवणं झाल्यावर रावजी निमगावच्या स्टँडवर आले. संध्याकाळची निरवांगीची गाडी लागली होती, वस्तीवरची माणसं तिच्यात चढत होती. भिमा मात्र पलीकडं बारामतीच्या गाडीच्या पायरीवर उभा होता, फेटा तसाच डोक्यावर. रावजींनी विचारलं, की हिकडं कुठं.

“पोरीला दावून येतो,” भिमा म्हणाला. “मग काढीन.”

गाडी भरलेली होती. आतला तरुण कंडक्टर रावजींना ओळखत होता. त्यानं फेट्याकडं बघितलं आणि काही न विचारता पुढच्या सीटवरची आपली पेटी उचलून भिमाला जागा करून दिली.